सही जुळत नाही

४ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायचं माझ्यात त्राण नाही. एकोणीस वर्षं काचा घासायच्या चाकाजवळ बसून तुमच्या कानांचं जे व्हायचं ते झालं. हे तुमच्याशी फोनवर बोलायचे तेव्हा पलीकडच्या इमारतीतल्या लोकांनाही तुमची खबरबात कळायची.

परवा बँकेचं पाकीट आलं. एक दिवस मी ते उघडलंच नाही. मला वाटलं, ह्यांच्या काचा घासायच्या मशीनच्या कर्जाचे हप्ते थकले म्हणून नोटीस असणार, कारण हे ऑक्टोबरात गेल्यापासून मी एकही हप्ता भरलेला नाही. उघडून बघते तर हप्ते वेळेवर भरल्याबद्दल आभार मानलेले! मी तशीच बँकेत गेले. खिडकीतल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "जामीनदार भरतायत की." जामीनदार कोण, तर तुम्ही.

तुम्ही ह्यांना जामीन राहिलात हे मला माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं नाही आणि तुम्हीही नाही. हे गेले त्या दिवशी तुम्ही आलात, बाहेरच्या खोलीत मशीनशेजारच्या स्टुलावर दोन तास बसलात आणि उठून गेलात. तेव्हा का बोलला नाहीत?

माझं ठीक आहे. लेक म्हणते, आई, तू एकदा रडून घे. मी म्हटलं, येईल तेव्हा रडेन, तू येताना साबण आण. काही येतच नाही, भाऊजी. जेवणाला चव नाही, पण जेवते. दात काढताना सुई देतात ना, तसं सगळं अंग झालंय. ह्यांच्या टेबलाखालच्या काचा मी नंबरांप्रमाणे लावल्या, मग सगळ्या एकत्र केल्या आणि पुन्हा लावल्या. तेवढाच वेळ जातो.

तुम्ही हप्ते का भरताय आणि किती दिवस भरणार आहात, ते कळवा.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. हो, मीच भरतोय. कागदावर जामीनदार म्हणून माझं नाव आहे. भिंग्या गेल्यावर बँक दुसऱ्या कुणाच्या मागे लागणार? मला मेसेज आला, मी भरायला लागलो. त्या दिवशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून बोललो नाही.

त्याला "भिंग्या" म्हणतो याचा राग मानू नका. सगळ्या कारखान्याच्या चष्म्यांच्या काचा घासणारा हा माणूस, आणि सगळ्यात जाड चष्मा त्याचाच, म्हणून भिंग्या. मी कुणाशी न बोलता काम रेटायचो म्हणून घासू. आमची खरी नावं हजेरीच्या वहीपुरतीच उरली होती.

इकडचं सांगायचं तर ताईच्या घरी वरची खोली मला दिलेली आहे. खोली चांगली आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो. दुकानाचा मालक माझ्या भाच्याच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो आणि काचेला टवका उडाला की पगारातून कापतो. हप्ता गेला की हातात फार राहत नाही. ताई हे रोज बघते. तिने माझ्यापुढे प्रश्न ठेवला की पैसे जर तू भरतोयस, तर मशीन कुणाचं? 

म्हणून तुम्हालाच विचारतो. मशीन तुमच्याकडे नुसतं पडून आहे. तुम्हाला जागा अडते, मला इथे खालच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू करता येईल. मी टेंपो पाठवतो. हप्ते पुढेही मीच भरेन, तुमच्या डोक्याला ताप राहणार नाही. सरळ हिशोब आहे. वाईट वाटून घेऊ नका.

आपला,
घासू


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

मशीन पडून आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डिसेंबरापासून मी ते चालवतेय. ह्यांच्यासोबत इतकी वर्षं त्या खोलीत बसून भाज्या निवडल्या, कपडे घड्या केले, तेव्हा डोळे काय मिटलेले होते? फ्रेम कशी मोजायची, काचेवर खूण कुठे करायची, चाकाला किती दाबून धरायची, सगळं बघितलेलं होतं. हाताला येईपर्यंत अकरा काचा फोडल्या. बारावी बसली. ती शाळेतल्या एका शिपायाच्या चष्म्याची होती. तो चष्मा घालून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाईंनी केलंय?" आता तीन दुकानांचं काम माझ्याकडे येतं. घर त्यावर चालतं, लेकीची फी त्यावर जाते. आणि तुम्ही म्हणता, टेंपो पाठवतो!

मशीनची पावती ह्यांच्या नावाची आहे. ह्यांचं ते माझं आणि लेकीचं. तुम्ही जामीन राहिलात ते तुमच्या मर्जीने. कुणी तुमचा हात धरून सही करून घेतली नव्हती. सही करताना मोठेपणा मिरवायचा आणि नंतर वस्तू उचलायला यायचं, हे मला पटत नाही.

मला कागदांचा धडा एकदा मिळालेला आहे. सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला तेव्हा ह्यांनी मालकाच्या कागदावर डोळे झाकून सही केली आणि निम्म्या भरपाईवर पाणी सोडलं. मी तेव्हा दवाखान्यात होते, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. घरी आल्यावर कळलं. जे तिघं सही न करता अडून बसले त्यांना वर्षभरात पूर्ण पैसे मिळाले. महिनाभर मी ह्यांच्याशी बोलले नव्हते. म्हणून आता कागद वाचल्याशिवाय मी कशालाही हो म्हणत नाही.

हप्ते तुम्ही भरू नका. मार्चपासून मी भरते.

एक विचारायचं होतं. जाड नंबरच्या काचेला शेवटच्या फेरीत कडेला टवका उडतो. कशाने?

वहिनी


१० मार्च

वहिनींना नमस्कार.

टवका उडतो तो पाण्यामुळे. चाकावर पाणी सोडणारी बारीक नळी काचेच्या भुकटीने तुंबते. ती रोज काढून सुईने साफ करा. पाणी दोन दिवसांनी बदला. शेवटच्या फेरीत काच दाबायची नाही, नुसती टेकवायची. भिंग्याला हे कधी जमलं नाही, तो दाबायचाच. लिहितानाही पेन इतका दाबायचा की पानाच्या मागून अक्षरं हाताला लागायची.

तुम्ही लिहिलंत की कुणी माझा हात धरून सही घेतली नव्हती. खरं आहे. माझा हात कुणी धरला नव्हता.

ताईच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, जामीनदाराने पैसे भरले तर ते वसूल करायचा त्याला हक्क आहे, वस्तू त्याची होत नाही. मशीन तुमचंच. ताईला हे ऐकवलं तेव्हा तिने ताट जोरात ठेवलं. वहिनी, तिची बाजूही ऐका. मुलाचं लग्न झालं की तिला ही खोली लागणार आहे. मला पन्नाशी उलटल्यावर नवी जागा शोधायची आहे आणि हाताशी काही नाही. एप्रिलअखेर तरी काही मार्ग काढावा लागेल. निम्मं काम तुमचं, निम्मं माझं, असं काही होईल का ते बघा.

मी का भरत राहिलो, असं तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतं. कारण मी त्याचं देणं लागतो. आई आजारी होती तेव्हा मी दोन वर्षं कामावर उशिरा जायचो. हजेरीच्या वहीत माझी सही तो करायचा. त्याला लेकीला शाळेत सोडायचं असलं की त्याची मी करायचो. पुढे आई गेली, लेक मोठी झाली, तरी सवय तशीच राहिली. जो आधी पोचेल त्याने दोन्ही सह्या करायच्या, विचारायचं नाही. मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. माझ्या एक दिवसाच्याही पगाराला त्याने कात्री लागू दिली नाही. अशा माणसाचे चार हप्ते भरले तर काय बिघडलं?

मार्चचाही भरला आहे.

घासू


२८ मार्च

भाऊजी,

काल मी पुन्हा बँकेत गेले. कर्ज माझ्या नावावर करून घ्यावं आणि ही रोजची टोचणी संपवावी, असं मनात होतं. साहेबांनी फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवून चहा सांगायला उठले. मी पानं उलटली. जामीनदाराच्या पानावर तुमचा फोटो, खाली तुमचं नाव आणि त्याखाली सही.

मी पानाच्या मागून बोट फिरवलं. अक्षरं हाताला लागली.

तुमची दोन्ही पत्रं पर्समध्ये होती. ती शेजारी ठेवली. तुम्ही डावखुरे आहात, तुमची अक्षरं डावीकडे कललेली असतात, वारा लागल्यासारखी. फाईलमधली सही उजवीकडे कललेली आहे आणि शेवटचं अक्षर ह्यांच्या पद्धतीने लांब ओढलेलं आहे. वरची तारीख पाहिली. त्या महिन्यात तुम्ही इकडे फिरकलाही नव्हता. मला आठवलं, बँकेचा एजंट संध्याकाळी कागद घरी देऊन गेला होता आणि सकाळी सह्या झालेले घेऊन गेला. हे पाठमोरे बसले होते. मी विचारलं, एवढं काय लिहिताय? म्हणाले, "हजेरी लावतोय." मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतायत.

साहेब आल्यावर मी आडून विचारलं, जामीनदार जर म्हणाला की ही सही माझी नाही, तर? ते हसले. म्हणाले, मग जामीनदार मोकळा. बँक सगळं कर्ज एकदम मागणार, नाही मिळालं तर मशीन उचलणार. आणि सही ज्याने केली त्याच्यावर फसवणुकीची तक्रार. मी म्हटलं, तो माणूस जिवंत नसला तर? म्हणाले, तरी कागदावर नाव लागतंच, बाई.

मी चहा पिऊन घरी आले. जेवले. दोन काचा बसवल्या, टवका उडाला नाही, नळी साफ केली होती. झोपही लागली. माझं मलाच कळत नाही की नवरा खोटी सही करून गेला हे कळल्यावर बाईला झोप कशी लागते.

तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एक ओळ लिहून बँकेला दिलीत तर तुम्ही सुटता, आणि माझं मशीन जातं आणि ह्यांचं नावही. तुम्ही ती ओळ लिहिली नाहीत. उपकार म्हणून नाही लिहिलीत, की माझ्यावर दाब ठेवायला राखून ठेवलीत? मला खरंच कळत नाही. मशीन द्या नाहीतर तोंड उघडतो, असं पुढच्या पत्रात येणार असेल तर आताच सांगा.

आणि एवढंच खरं सांगा. ह्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

नाही. विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर आठवड्याने बँकेचा मेसेज आला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी जामीन आहे. चुकून आला असेल म्हणून बँकेच्या इथल्या शाखेत गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर सही दाखवली. मी ओळखली. कशी नाही ओळखणार, इतकी वर्षं मी ती हजेरीच्या वहीत बघितलेली आहे. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "ही तुमचीच सही ना?" मी म्हटलं, माझीच. तिथे उभ्या उभ्या मला राग आला नाही, वाईट वाटलं नाही, काहीच झालं नाही. बाहेर येऊन हप्ता भरला आणि कामावर गेलो. दाब ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. मशीन मागितलं ते मात्र मागितलं, ते मी नाकारत नाही.

आता जे लिहितोय ते लिहायचं नाही असं सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून ते पोटात राहत नाही.

कारखान्याच्या भरपाईच्या कागदावर भिंग्याने सही केलेली नव्हती. ती मी केली.

तुमचं ऑपरेशन होतं, तो दवाखान्यात होता. मालकाने दुपारी सगळ्यांना गोदामात बोलावलं आणि सांगितलं, पाचच्या आत सही करणाऱ्याला निम्मे आज, बाकीच्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात. मी घाबरट माणूस. मी माझी सही केली. पाचला दहा कमी होते. दवाखान्यात फोन करायचा तर मला ऐकू येत नाही आणि तुमच्या पोटावर तेव्हा सुरी फिरत होती. त्याला पैसे लागणार हे दिसत होतं. शेजारची ओळ त्याची होती. नेहमीसारखी त्याचीही केली.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी सांगितलं. त्याने मालकाच्या खोलीत जाऊन कागद बघितला, बाहेर आला आणि मला म्हणाला, "बरी आलीय. माझ्यापेक्षा बरी आलीय." एवढंच. पुढे त्या तिघांना पूर्ण पैसे मिळाले तेव्हाही तो मूग गिळून बसला. तुम्ही महिनाभर बोलत नव्हता हे तो मला सांगायचा, पण हसत सांगायचा. मी म्हणायचो, वहिनींना खरं सांग. तो म्हणायचा, "मग ती तुला घरात घेणार नाही. माझं काय, मला ठेवावंच लागतं."

त्याने मशीनच्या कागदावर सही केली तेव्हा त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. फिटंफाट म्हणून केली असेल, सवयीने केली असेल. मला विचारलं असतं तर मी राहिलो असतो का जामीन? खरं सांगतो, नसतो राहिलो. ताईने राहू दिलं नसतं. हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मशीन मी मागत नाही. बँकेत ती ओळ मी लिहिणार नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

घासू


३० एप्रिल

भाऊजी,

उत्तराला तीन आठवडे लागले. लिहायला बसायची आणि उठायची.

त्या अबोल्याच्या महिन्यात हे जेवून स्वतःचं ताट स्वतः धुवायचे आणि, मशीन नव्हतं तेव्हा, जुन्या हातचाकावर जाऊन बसायचे. मी लेकीमार्फत बोलायची. "बाबांना विचार, चहा हवाय का." एका खोलीत! आणि ह्यांना नुसतं "मी नाही केली" एवढंच म्हणायचं होतं. मी पुढेही प्रत्येक भांडणात तो कागद काढला. पैसे कमी पडले की काढला, ह्यांनी मशीन घ्यायचं म्हटलं तेव्हा काढला. म्हटलं, तुमच्या सहीवर माझा विश्वास नाही. म्हणून तर जामीन कोण ते मला सांगितलं नसेल. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्सने एका कागदावर सही मागितली, तेव्हाही मी बोलले, "बघून करा, नाहीतर निम्मं घालवाल." ते हसले होते. मला वाटलं, गंमत वाटली म्हणून हसले.

गेल्या मंगळवारी मशीन चालू केलं आणि काच लावायची राहून गेली. चाक रिकामंच फिरत होतं आणि मी उभी होते. तेव्हा रडू आलं. लेक कॉलेजातून आली तोवर चालू होतं. तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं. ज्याच्याजवळ बोलायचं तो माणूस नाही.

तुमच्यावर मी रागावलेली आहे. ह्यांनी गप्प बसायचं ठरवलं, पण तुम्ही सहा वर्षं येत होता, माझ्या हातचा चहा पीत होता, आणि मी तुमच्यासमोर ह्यांना टोमणे मारत होते. तुम्ही कप खाली ठेवून बोलायला हवं होतं.

आता कामाचं. कर्ज माझ्या नावावर होतंय. त्याला जुन्या जामीनदाराची संमती लागते. फॉर्म सोबत आहे. माझी सही केली आहे, तुमच्या जागी पेन्सिलने फुली मारली आहे. यापुढचा प्रत्येक हप्ता माझा. तुम्ही आजवर भरलेत ते परत मिळणार नाहीत, ते मी कारखान्याच्या कागदापोटी धरले. कमी पडतात की जास्त होतात ते मी बघितलेलं नाही आणि तुम्हीही बघू नका. मशीन माझं. निम्मं काम तुमचं, हेही आत्ता जमणार नाही. पुढे कधी जमेल का, ते आत्ता विचारू नका.

जामीन राहायचं नसेल तर फुलीची जागा कोरी ठेवून परत पाठवा. मग बँकेला खरं सांगायला तुम्ही मोकळे आहात, मी अडवणार नाही. राहायचं असेल तर या वेळी तुम्ही स्वतः करा. तुम्हाला कुणीतरी विचारलंय आणि तुम्ही हो म्हणालात, असं एकदा तरी होऊ दे.

वहिनी


१४ मे

भाऊजी,

फॉर्म मिळाला. फुलीवर तुमची सही पाहिली, डावीकडे कललेली. पाठीमागून बोट फिरवलं, काही लागलं नाही. बरं वाटलं. आभार.

पण घोटाळा झालाय. आज बँकेने फॉर्म परत दिला. वर लाल शाईत शेरा मारलाय, "सही जुळत नाही." साहेब म्हणाले, आमच्याकडच्या नमुन्याशी ही सही अजिबात मिळत नाही, ही दुसऱ्याच कुणाची दिसतेय. त्यांनी मला वर बजावलं, "बाई, असं कुणाकडूनही करून आणू नका, हा गुन्हा आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला हसू येणार होतं की काय कोण जाणे. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा.

मी विचारलं, जामीनदार स्वतः येऊन सही बदलून देईल का? हो म्हणाले, पण मग जुन्या कागदाची चौकशी लागेल, एवढी कशी बदलली म्हणून. म्हणजे मार्ग एकच राहिला. तो मी तुम्हाला सांगू शकत नाही. विचारू शकते, म्हणून विचारते.

नवा फॉर्म आणि जुन्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. महिनाअखेरची मुदत आहे.

वहिनी


२६ मे

वहिनींना नमस्कार.

फॉर्म पाठवतोय. उशीर झाला.

डाव्या हाताने त्याचा कल येईना. चार कोऱ्या पानांवर माझं नाव लिहून काढलं, सगळं डावीकडे. मग पेन उजव्या हातात धरलं. उजव्या हाताने मी आजवर फक्त फडकं धरलंय. पहिल्या दहा सह्या शाळेत घातलेल्या पोराच्या वाटत होत्या. ताई वर आली, टेबलावरचे कागद बघून म्हणाली, "काय करतोयस?" मी म्हटलं, माझी सही शिकतोय. ती खाली गेली आणि थोड्या वेळाने चहा पाठवला. ऑक्टोबरापर्यंत खोली राहू दे, असंही काल म्हणाली.

झेरॉक्स समोर ठेवून बघत बसलो तेव्हा दिसलं की त्याने ती घाईत केलेली नाही. माझ्या नावाचं पहिलं अक्षर मी नेहमी अर्धवट सोडतो. त्याने ते पूर्ण केलंय. रेघ सरळ ओढलीय. वहीत हजेरी लावताना तो भराभर उरकायचा, इथे सावकाश केलीय, जपून. माझं नाव इतकं नीट मी कधी लिहिलेलं नाही.

मग मीही सावकाश केलं. दाबून. त्याचा हात जसा गेला तसा माझा नेला. वर चढताना तो थोडा थांबला होता तिथे मी थांबलो, शेवटचं अक्षर त्याने ओढलं तिथवर ओढलं. पान उलटून बोट फिरवलं तर अक्षरं लागली. त्या दिवशी दोन तास तुमच्याकडे स्टुलावर बसलो होतो तेव्हा जे आलं नाही, ते तिथे आलं. चष्मा काढून ठेवावा लागला. दोन पानं भिजून वाया गेली.

एकविसावी फॉर्मवर केली आहे. तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो.

बरी आलीय की नाही हे सांगणारा आता नाही. तुम्हीच बघा आणि कळवा.

घासू